पीस कुणाला, रस्सा कुणाला

आमच्याकडे एकाच आठवड्यात दोन रिपोर्ट आले. नवऱ्याचं कोलेस्टेरॉल वाढलेलं, त्यातलं ते वाईटवालं, एलडीएल म्हणतात ते, आणि धाकट्या जावेचं हिमोग्लोबिन नऊच्या आसपास. डॉक्टर एकच, आमचे नेहमीचे. त्याला म्हणाले मटण जरा कमी करा. तिला म्हणाले गोळ्या लिहून देतोय त्या घ्या आणि तुम्ही नॉनव्हेज खाता ना, मग नीट खात जा. आता यावरून घरात काय ठरावं? तर रविवारचं मटण बंद. एकाला कमी करायला सांगितलं म्हणून अख्ख्या घराचं बंद, आणि जिला खायला सांगितलं तिच्यासाठी मार्केट यार्डातून बीट आणि डाळिंबं. मी त्या दिवशी काही बोलले नाही, कारण सासूबाईंचं एकदा ठरलं की बोलून उपयोग नसतो, पण डोक्यात बसलं ते बसलंच. मग वाचायला घेतलं, चार लोकांना विचारलं, आणि आता इथे लिहितेय. मी डॉक्टर नाही, अकाउंट्समध्ये आहे, आकडा बघितल्याशिवाय कुठलीच गोष्ट पटत नाही एवढंच काय ते माझं क्वालिफिकेशन.

आधी त्या बीटाचं. लाल दिसलं की रक्त वाढतं हा आपल्याकडचा जुना हिशोब, त्यात बीट, डाळिंब, गाजर, टोमॅटो सगळेच बसतात. बीटात शंभर ग्रॅममागे लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं, डाळिंबात त्याहून कमी. खायला चांगलीच आहेत दोन्ही, माझं काही भांडण नाही, पण आयसीएमआरच्या २०२० च्या तक्त्यात मोठ्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह सांगितलंय आणि पुरुषाला १९. म्हणजे बाईला दीडपट. कारण उघड आहे, दर महिन्याला रक्त जातं. हे वाचलं आणि डोळ्यासमोर काय आलं तर आमचं रविवारचं जेवण.

आमच्यात आता पंगत वगैरे राहिलेली नाही, डायनिंग टेबल आहे, पण वाढायची पद्धत तीच आहे जी गावाला होती. आधी पोरं, मग नवरा आणि दीर, सासरे. पळी पार तळापर्यंत जाते आणि पीस घेऊनच वर येते. नळी कुणाची, चाप कुणाची हे ठरलेलं असतं, वाढणाऱ्या बाईला न विचारता माहिती असतं. मग आम्ही बसतो तोपर्यंत पातेल्यात रस्सा भरपूर असतो, तर्री अजून लालभडक असते, बटाट्याच्या दोन फोडी असतात आणि मानेचे वगैरे एकदोन तुकडे ज्यात हाडच जास्त. आई तर एक पीससुद्धा घेत नाहीत. "मला नको गं, दातात अडकतं, रस्सा-भाकरीच बरी लागते." हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय आणि तेव्हा त्यांचे सगळे दात शाबूत होते.

कुणी आम्हाला खाऊ नका असं म्हटलंय का? नाही. कुणी म्हणतच नाही, हीच तर गंमत आहे. आम्हीच उठून पहिल्यांदा वाढतो आणि आम्हीच म्हणतो आम्हाला रस्सा आवडतो. आणि हे फक्त आमच्या घरातलं नाही हो. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ते एनएफएचएस-५ म्हणतात त्यात, आठवड्यातून एकदा तरी मासे, चिकन किंवा मटण खाणारे पुरुष साधारण ५७ टक्के निघाले आणि बायका ४५ टक्के. त्याच सर्वेक्षणात ॲनिमिया बघा, १५ ते ४९ वयातल्या बायकांमध्ये ५७ टक्के, पुरुषांमध्ये २५. आपल्या महाराष्ट्रात बायकांचा आकडा ५४ च्या वर आहे. मटण खाल्लं नाही म्हणूनच ॲनिमिया झाला असं मी म्हणत नाहीये, त्याला जंत, बाळंतपणं, जास्त पाळी, थॅलेसेमिया मायनर अशी दहा कारणं असतात, पण ज्याला गरज जास्त त्याच्या ताटात कमी हे उलटं गणित मला तरी अकाउंट्समधल्या कुठल्याही एन्ट्रीत चाललं नसतं.

बरं, रस्सा खाल्ला तर तेही मटणच ना, असं जाऊच मला म्हणाली. तर नाही. शिजताना चरबी वितळून वर येते, ती तर्रीत जाते, तेलाबरोबर. काही बी ग्रुपची जीवनसत्त्वं पाण्यात उतरतात, ती रस्स्यात असतात हे खरं. पण प्रोटीन आणि लोह बहुतेक सगळं पीसातच राहतं. म्हणजे आम्ही बायका वर्षानुवर्षं मटणातला फॅट आणि मसाला खातोय आणि ज्यासाठी मटण खायचं ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जातंय. पाया सूपचंही तसंच, बाळंतिणीला हाडं बळकट व्हावीत म्हणून देतात, पण हाडं कितीही उकळली तरी कॅल्शियम त्यातून फार थोडं उतरतं. गरम गरम प्यायला मस्त लागतं, थंडीत तर विचारू नका, पण कॅल्शियमसाठी नाचणी आणि दही बरं.

लोहाचं अजून एक आहे जे मला आधी नीट कळलंच नव्हतं. मटणातलं लोह वेगळ्या रूपात असतं, हीम आयर्न म्हणतात त्याला, रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतं तेच. मटणाला तो लाल रंगही अशाच एका लोहवाल्या प्रोटीनमुळे येतो, मायोग्लोबिन, चिकनमध्ये ते कमी म्हणून ते पांढरट. हे हीमवालं लोह शरीर १५ ते ३५ टक्के उचलतं. पालक, मेथी, बाजरी, कडधान्यातलं लोह उचललं जातं त्याहून बरंच कमी, आणि त्यात वर चहा प्यायला की अजून कमी. जेवण झालं की लगेच चहा टाकणारी घरं आहेत पुण्यात ढिगाने, आमचं त्यात पहिलं. शंभर ग्रॅम मटणात लोह अडीच-तीन मिलिग्रॅम, म्हणजे आकडा म्हणून फार मोठा नाहीये, मटकीतसुद्धा बऱ्यापैकी असतं, पण पोटात गेल्यावर हाती किती लागतं ते महत्त्वाचं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मटण बरोबर असलं की त्याच जेवणातल्या भाकरी-भाजीतलं लोहसुद्धा जास्त शोषलं जातं. लिंबू पिळलं की तेही वाढतं. म्हणजे बाजरीची भाकरी, दोन-तीन पीस, कांदा आणि लिंबाची फोड हे जे कुणीतरी आजीपणजीने ताटात मांडून ठेवलंय ते एकदम बरोबर आहे, फक्त ते दोन-तीन पीस आजीने स्वतःच्या ताटात पण घ्यायला हवे होते.

अर्थात नऊ हिमोग्लोबिन मटणाने भरून निघत नाही, हे पण स्पष्ट सांगते. गोळीत एका वेळी ६० मिलिग्रॅम वगैरे लोह असतं, त्याची बरोबरी रविवारच्या मटणाने कशी होणार. गोळी घ्यायचीच. मटण हे पुढे ते टिकावं म्हणून.

आता नवऱ्याच्या बाजूने. तो बिचारा घाबरलेला होता कारण त्याच आठवड्यात त्याच्या शाळेच्या ग्रुपवर ते जुनं फॉरवर्ड परत फिरत होतं, रेड मीट आणि सिगारेट एकाच यादीत. तर त्याचं असं आहे. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने, आयएआरसीने, आठशेच्या वर अभ्यास तपासून जाहीर केलं की प्रोसेस्ड मीट म्हणजे सॉसेज, सलामी, बेकन, हॅम ही मंडळी पहिल्या गटात, जिथे तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसही आहे, आणि साधं रेड मीट त्याखालच्या, म्हणजे 'बहुतेक कॅन्सरकारक' गटात. फॉरवर्डवाल्यांनी दोन्ही एकत्र केलं आणि सोडून दिलं. हे गट पुरावा किती पक्का आहे यावरून पाडलेत, धोका किती मोठा आहे यावरून नाही. सापाने चावल्याचे साक्षीदार शंभर आणि मुंगी चावल्याचे पण शंभर, म्हणून साप आणि मुंगी सारखे होत नाहीत ना, तसं. संस्थेने दिलेला आकडा आहे तो असा की रोज, परत वाचा, रोज ५० ग्रॅम प्रोसेस्ड मीट खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. हे १८ टक्के म्हणजे शंभरातल्या अठरा जणांना होतो असं नाही. पाश्चात्य देशांत शंभरातल्या साधारण पाच जणांना आयुष्यात कधीतरी हा कॅन्सर होतो, तो आकडा पाचाचा सहाच्या जवळ जातो. आपल्याकडे मुळात या कॅन्सरचं प्रमाण त्यांच्यापेक्षा बरंच कमी आहे.

तरीपण मी ते उडवून लावत नाहीये. हीम आयर्न, ज्याचं वर इतकं कौतुक केलं, तेच जास्त झालं की आतड्यात नको ती रसायनं बनायला हातभार लावतं, आणि निखाऱ्यावर मटण करपलं की त्या काळ्या भागात अजून वेगळी. त्यामुळे सीख कबाब रोज खायची गोष्ट नाही. आपलं कुकरमधलं किंवा पातेल्यातलं पाण्यात शिजलेलं मटण त्या हिशोबाने बरं, तिथे करपायचा प्रश्नच येत नाही, फोडणीकडे लक्ष असलं तर. आणि खरं घरात बंद करायचं असेल तर ते फ्रीजमधलं सॉसेजचं पाकीट करा, जे पोरांच्या डब्यासाठी येतं आणि ज्याला कुणी मटण समजतच नाही म्हणून कुणी हिशोबातही धरत नाही. चिकनचं असलं तरी प्रोसेस्ड ते प्रोसेस्डच.

किती खाल्लं तर चालतं? यावर मोठ्या लोकांचं अजून भांडण चालू आहे. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड म्हणतं आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅम, त्याच्या वर नको. २०१९ मध्ये ईट-लॅन्सेट म्हणून एक आहार आला, पृथ्वीचा पण विचार करून केलेला, तो एकदम कडक आहे, दिवसाला १४ ग्रॅम, म्हणजे आठवड्याला शंभर. त्याच वर्षी अजून एका गटाने लिहिलं की पुरावा इतका कच्चा आहे की लोकांनी खातायत तेवढंच खात राहिलं तरी चालेल, आणि त्यावर बाकीचे असे तुटून पडले की विचारू नका.

मग मी आमचाच हिशोब केला, मटण परत सुरू झाल्यावर. आम्ही सहा मोठे आणि दोन पोरं, मटण दीड किलो. जेवण झाल्यावर सगळ्या ताटातली हाडं गोळा करून केकसाठी आणलेल्या वजनकाट्यावर ठेवली, आई बघत होत्या की हिला झालंय काय, दीर म्हणाले वहिनी आता जीएसटी पण लावा. हाडं निघाली साडेचारशेच्या आसपास. म्हणजे कच्चं मांस हजार-साडेदहाशे, ते शिजून आकसतं, पाव हिस्सा ते तिसरा हिस्सा वजन कमी होतं, राहिलं सातशे-साडेसातशे. आठ जणांत भागलं तर माणशी नव्वद-पंच्याण्णव ग्रॅम. आठवड्याला! म्हणजे तो सगळ्यात कडकवाला आहार, तो आम्ही न ठरवता पाळतोय. बाकी ते जगभरचे वाद ज्या लोकांसाठी चाललेत ते एका वेळी पाव किलोची स्टेक समोर घेऊन बसणारे आणि सकाळी नाश्त्याला बेकन खाणारे. ते सगळं आपल्याकडे मटण इतकं महाग असताना जसंच्या तसं लावायचं म्हणजे कठीण आहे. आणि आपल्याकडे रेड मीट म्हणजे बहुतेक घरांत मटणच, गाय-बैलाचा प्रश्न कायद्यानेच मिटवलाय, म्हशीचं खाणारे कॅम्प-कोंढव्याकडे खातात, पोर्कवाले थोडे.

पण सरासरी फसवी असते हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. सरासरी पंच्याण्णव, प्रत्यक्षात नवऱ्याच्या ताटात सहज दोनशे आणि जावेच्या ताटात चाळीस, तेही हाडाला चिकटलेलं. नवरा त्या फंडाच्या मर्यादेत अजूनही आहे, आकाडातल्या पार्ट्या सोडून. गटारीला काय होतं ते मी लिहीत नाही, त्याची आई हा ब्लॉग वाचते.

मग त्याचं एलडीएल का वाढलं? इथे माझं सासर मध्ये येतं. माझं माहेर बोकडाचं, सासर बोल्हाईचं. पुण्याबाहेरच्यांना सांगते, हवेली तालुक्यात वाडेबोल्हाई आहे, तिथल्या बोल्हाईला मानणाऱ्या घरांत शेळी-बोकडाचं चालत नाही, मेंढीचंच मटण लागतं, त्यामुळे पुण्यात जागोजागी 'बोल्हाईचे मटण' अशा पाट्या दिसतात. चव जबरदस्त, मी आता माहेरी गेले तरी मला बोकडाचं जरा कोरडं वाटतं. पण ती चव येते कुठून, चरबीतून. बोकडाचं मांस चरबी काढून घेतलं तर फार लीन असतं, शंभर ग्रॅमला सगळा फॅट मिळून दोन-तीन ग्रॅम, त्यातला सॅच्युरेटेड एकाच्या खाली. मेंढीचं चरबीसकट घेतलं तर तोच सॅच्युरेटेड नऊ-दहा ग्रॅमपर्यंत जातो. एलडीएल वाढवतो तो हाच. देव बदलायची गरज नाही, चरबी काढायची आहे. मागच्या रानीचं घ्यायचं, सीना-चाप कमी, आणि समोर उभं राहून साफ करून घ्यायचं. मी आमच्या दुकानात सांगितलं तर त्याने सत्तूर ओंडक्यावर तसाच रोवला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "वहिनी, सगळी काढली तर मटणाला काय अर्थ ऱ्हायला? थोडी राहू द्या, दादांना लागते." म्हटलं दादांनाच नकोय. मग त्याने गुर्द्याभोवतीचा पांढरा गोळा आणि पाठीवरची जाड पट्टी काढून बाजूला टाकली, आणि ती पोटात जाणार होती हे बघून मलाच कसंतरी झालं. वजन मात्र त्याने चरबी काढायच्या आधीच केलं होतं, हे घरी आल्यावर लक्षात आलं. आता आधी साफ, मग काटा.

आणि खोबरं! याच्यावर कुणीच बोलत नाही. आमच्या वाटणात सुकं खोबरं असतं, अर्धी वाटी तरी, भाजून, तेलात परत परतून. सुक्या खोबऱ्यात शंभर ग्रॅमला साठीच्या आसपास फॅट, त्यातला जवळजवळ सगळा सॅच्युरेटेड. पन्नास ग्रॅम खोबरं म्हणजे २५-३० ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट त्या एका पातेल्यात, मटणाचा एक तुकडाही न टाकता. दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाला दिवसभरात जास्तीत जास्त २२ ग्रॅम सांगतात. म्हणजे दोष सगळा मेंढीला आणि वाटण नामानिराळं. वर आणि पांढऱ्या भाताचा डोंगर, आणि सकाळी मिसळ झालेली असते कारण रविवार, आणि संध्याकाळी बेकरीतून खारी आणि क्रीमरोल. यातलं काहीही बंद करायचं कुणाच्या मनात आलं नाही, बंद झालं ते मटण. आपल्याकडे दुखणं आलं की आधी नॉनव्हेज सुटतं, त्यात पथ्य केल्याचं पुण्य पण मिळतं.

हृदयाच्या बाबतीत मात्र आपण भारतीयांनी अंगावर काढू नये, आपल्याला हे आजार तुलनेने लवकरच्या वयात गाठतात, त्यामुळे डॉक्टर कमी करा म्हणाले तर कमी करावं. पण कमी करा म्हणाले होते. बंद नाही.

हे सगळं मी ऑफिसात सांगत होते तर कोथरूडची एक मैत्रीण, पक्की शाकाहारी, म्हणाली म्हणजे आम्ही आता मटण खायचं का. नाही गं बाई, कुणी म्हटलंय. शाकाहारी माणूस उत्तम जगतो, फक्त एक बी ट्वेल्व्हचं त्याने बघायला पाहिजे, कारण ते झाडपाल्यात नसतंच. आणि यावरचं मोठं काम आपल्या पुण्यातच झालंय, केईएम हॉस्पिटलच्या रिसर्च सेंटरमध्ये, डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने. २००६ मध्ये त्यांचा अभ्यास आला, पुण्यातले आणि आजूबाजूच्या खेड्यातले मध्यम वयाचे ४४१ पुरुष तपासले, त्यात ६७ टक्के लोकांचं बी ट्वेल्व्ह कमी. आणि शहरातल्या मध्यमवर्गीयांमध्ये तर ८१ टक्के! म्हणजे खेड्यातला माणूस बरा आणि आपले सोसायटीतले काका कमी. पुढे गरोदर बायकांवरही त्यांनी बघितलं, ज्या आयांचं फोलेट (हेही एक बी ग्रुपचंच जीवनसत्त्व) जास्त आणि बी ट्वेल्व्ह कमी त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं, जास्त दिसला. म्हणजे आईच्या ताटातलं पोराच्या डायबेटिसपर्यंत जाऊ शकतं. हातापायाला मुंग्या, विसरायला होणं, दमायला होणं यासाठी पुण्यात बी ट्वेल्व्हची इंजेक्शनं घेणारे इतके आहेत की आमच्या सोसायटीत तो गप्पांचा विषय असतो. डायबेटिससाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं अजून कमी होतं, त्यांनी तर तपासून घ्यावंच.

पण नॉनव्हेज खाणाऱ्यांनी पण फार टेचात राहू नये. रोजची गरज आयसीएमआरच्या हिशोबाने २.२ मायक्रोग्रॅम, शंभर ग्रॅम बोकडाच्या मटणातून एक-सव्वा मिळतं, आणि आतडं एका जेवणातून दोनेक मायक्रोग्रॅमच नीट उचलतं, बाकीचं बरचसं जातं वाया. म्हणजे रविवारी तुडुंब खाऊन आठवड्याची सोय होत नाही. बुधवारी अंडं, रोज वाटीभर दही असं वाटून खाल्लेलं कामाचं. रस्सा-भाकरी खाऊन स्वतःला मांसाहारी म्हणवणाऱ्या बायकांचं तर काय होत असेल देव जाणे. आईंचं आम्ही तपासून घेतलं, आकडा लिहित नाही, पण त्यांना दर आठवड्याला टोचून घ्यावं लागलं.

कलेजीबद्दल एक राहिलं. लोह आणि बी ट्वेल्व्ह दोन्हीच्या बाबतीत कलेजी मटणाच्या पीसापेक्षा बरीच पुढे, बी ट्वेल्व्ह तर मटणाच्या कित्येक पट. आणि घरात कलेजी कोण खातं? मटण शिजत असतं तेव्हा आधी कलेजी तव्यावर होते, मीठ-मिरी टाकून, आणि ती बाहेर हॉलमध्ये जाते. प्लेट परत येते ती रिकामी. ज्याचं युरिक ॲसिड वाढलंय, ज्याला डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल सांगितलंय, तोच ती खात बसलेला असतो. आता ती प्लेट किचनमध्येच थांबते. जाऊ आणि मी, पंधरा दिवसांतून एकदा, गॅसजवळ उभं राहून. फक्त गरोदर बाईने कलेजी टाळावी, त्यात व्हिटॅमिन ए फार असतं आणि ते बाळाला चांगलं नाही. भेजा कुणीच रोज खाऊ नये, त्यातलं कोलेस्टेरॉल बघून मीच खुर्ची धरली.

तर आता आमच्याकडे असं चाललंय की मटण परत आलंय, दीडऐवजी सव्वा किलो. खोबरं निम्मं, त्याऐवजी कांदा जास्त भाजून आणि थोडी खसखस, आईंच्या मते हे वाटण नाहीच पण त्या खातात. कधी आदल्या रात्री शिजवून रस्सा फ्रीजमध्ये ठेवते, सकाळी वर चरबीचा पांढरा थर जमतो, तो चमच्याने काढून टाकते, नवऱ्याला एकदा तो थर दाखवला आणि त्यानंतर त्याने तर्री मागितली नाही. पीस मी आधीच ताटांमध्ये वाढते, सगळ्यांचे, रस्सा मग ज्याला जेवढा हवा तेवढा. पहिल्या रविवारी दीर म्हणाले एवढेच का, मी म्हटलं बाकीचे तुमच्या बायकोच्या ताटात आहेत, मागून घ्या. नाही मागितले त्यांनी. जाऊच मात्र दोन उचलून त्यांना द्यायला लागली, हे काही एका रविवारात जाणार नाही. आईंसाठी दोन पीस मऊ शिजवून, रेषा सोडवून भाकरीत कुस्करून देते, दातात अडकत नाहीत.

अडचण श्रावणाची आहे. जाऊ श्रावण पाळते, अंडंसुद्धा नाही, आणि मी तिला मोड म्हणणार नाही. गोळी चालू आहे, मोड आलेली मटकी आणि वर लिंबू, हळीवाचे लाडू मी करून ठेवते, दही आहेच. चहावरून मात्र घरात रोज वाद आहे. मी म्हणते जेवणानंतर तासभर थांबा, आई म्हणतात जेवणानंतर चहा नाही तर जेवलं कशाला, आणि सासरे दोघींच्या मध्ये कप घेऊन उभे असतात.